बाबा म्हणतील, "काही नाही गं, ॲसिडिटी आहे"

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी सिएटलजवळ राहते. ऑगस्टमध्ये आईबाबा पुण्याहून येणारेत म्हणून आम्ही सात दिवसांची अलास्का क्रूझ बुक केली. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि ते दोघं. दोन केबिन घेतल्यात, मुलगी आजीआजोबांजवळ झोपणार. बाबा ७२, डायबेटिस आणि बीपी. आई ६८, तशी ठणठणीत. आता आईला कुणीतरी क्रूझवर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाल्याची बातमी फॉरवर्ड केली, तेव्हापासून रोज फोनवर 'त्या जपानच्या बोटीसारखं झालं तर' सुरू आहे. भाऊ म्हणतो कॅन्सल कर, म्हाताऱ्या माणसांना कशाला त्या डब्यात कोंडतेस. बाबा म्हणतात मला काही होत नाही. पैसे भरलेत, आता कॅन्सल केलं तर अर्धेच मिळतील. आणि काही झालं तर सगळे मलाच बोलणार. जाऊ की नको? — मधल्यामधे अडकलेली"

अगं अडकलेली, जा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. पण आत्ता जशी तयारी आहे तशी नको जाऊस, कारण तुझ्या पत्रात मला बोटीपेक्षा एका वाक्याची जास्त भीती वाटली आणि ते वाक्य आईचं नाहीये, बाबांचं आहे. "मला काही होत नाही." त्याच्याकडे येतेच.

आधी आईची जपानची बोट. ती डायमंड प्रिन्सेस, फेब्रुवारी २०२०, योकोहामा बंदर. प्रवासी आणि स्टाफ मिळून ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या ७१२ जणांना कोरोना झाला. आपले १३८ जण होते त्यावर, त्यातले १३२ तर स्टाफमधलेच, आणि ते "आम्हाला इथून सोडवा" म्हणणारे व्हिडिओ मला अजून आठवतात, कारण प्रवासी केबिनमध्ये बंद होते पण ही पोरं मात्र जेवण दारोदार पोचवत होती आणि रात्री एकेका खोलीत दाटीवाटीने झोपत होती. शेवटी २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जणांना दिल्लीत आणलं आणि मानेसरला क्वारंटाइन केलं. म्हणजे आईने टीव्हीवर जे बघितलं ते खरंच घडलं होतं, तेव्हा "तसं काही नसतं गं" असं म्हणून तिला उडवून लावू नकोस. फक्त एवढं सांग की तेव्हा तो आजार नवा होता, लस नव्हती, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना टेस्टच्या वेळी काही लक्षणच नव्हतं, त्यामुळे कुणाला वेगळं ठेवायचं हेच कळत नव्हतं. आज तुमच्या बोटीवर जे व्हायची शक्यता जास्त आहे ते वेगळं आहे, आणि ते झालं की लपत नाही. निदान शरीर तरी लपवत नाही, माणूस लपवतो.

फॉरवर्डमधला तो आजार बहुतेक नोरोव्हायरस. मी एकवीस वर्षं हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची नर्स होते, त्यामुळे ह्याच्याशी माझी जुनी ओळख आहे. १९६८ साली अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली त्यावरून त्याला हे नाव पडलं. लागण झाली की १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं, कधी थोडा ताप, आणि एक ते तीन दिवसांत बहुतेक लोक बरे. चिवट असा की शंभरपेक्षा कमी कण पोटात गेले तरी पुरतात, आणि एका उलटीतून किती कण उडतात ते तुला जेवणाआधी सांगत नाही.

आता बातम्या नेहमी क्रूझच्याच का येतात ते आईला समजावून सांग, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या क्रूझवर सीडीसीचं (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम म्हणून एक खातं १९७५ पासून नजर ठेवून आहे. पोट बिघडून बोटीच्या दवाखान्यात आलेला प्रत्येक जण नोंदवावा लागतो, दोन टक्के झाले की खास कळवायचं आणि तीन टक्के झाले की ते सगळ्या जगाला दिसेल असं वेबसाइटवर येतं. म्हणजे अडीच हजार प्रवाशांच्या बोटीवर पंचाहत्तर जण झाले की बातमी. आता आपल्याकडचं मंगल कार्यालय घे. आठशे पान, बासुंदी दुपारी दोनपर्यंत उघडी, संध्याकाळपासून दोन्हीकडच्या पाहुण्यांपैकी साठ-सत्तर जण आडवे, कोण मोजतंय? वरमाय म्हणते उन्हामुळे झालं असेल, विषय संपला. अमेरिकेत नोरोच्या वर्षाला साधारण अडीच हजार साथी नोंदल्या जातात आणि सीडीसीच्याच हिशोबाने त्यातल्या क्रूझवरच्या जेमतेम एक टक्का असतात, बाकीच्या वृद्धाश्रम, हॉस्पिटलं, शाळा, हॉटेलं. तर भावाला सांग की डब्यात कोंडणं वगैरे ठीक आहे पण मोजणारा डबा न मोजणाऱ्या कार्यालयापेक्षा बरा.

तुमच्या बोटीचं नाव टाकून त्याच सीडीसीच्या वेबसाइटवर तिचा मागच्या तपासणीचा स्कोअर बघता येतो. न सांगता येऊन तपासतात, शंभरपैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली गेली की नापास. बघून घे, आणि आईला स्क्रीनशॉट पाठव, तिला मार्क आवडतील, आपल्या पिढीला मार्कांची भाषा कळते.

आता हात. कोरोनामुळे आपण सगळे सॅनिटायझरचे भक्त झालो, पर्समध्ये बाटली, गाडीत बाटली. त्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने मोडतं. नोरोला ते आवरणच नाही, त्यामुळे जेल चोळून त्याला फारसा फरक पडत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात, अंगठा, नखं. मी दोन वर्षांपूर्वी बहिणींबरोबर एका बोटीवर गेले होते आणि सवयीप्रमाणे वॉशरूममध्ये उभी राहून लोकांचे हात बघत होते (बहिणी वैतागल्या). दहातल्या सहा बायकांनी नुसता नळाला नमस्कार केला. मग बाहेर येऊन बुफेवर एक काका, चिमटा ठेवलेला असताना, थेट बोटांनी फ्रेंच फ्राइज उचलून "बघू गरम आहेत का".

ह्यात आपली एक खास गोष्ट आहे जी इंग्रजीतल्या सूचनांमध्ये तुला सापडणार नाही. आपण हाताने खातो. बोटीवरची माणसं बुफेच्या दारात हात धुतात आणि आत जातात, ते काट्याचमच्याने खातात म्हणून त्यांचं चालून जातं, पण आपण हात धुवून आत गेलो, मग भाताचा डाव धरला जो आधी दोनशे लोकांनी धरलाय, मग सॅलडचा चिमटा, मग खुर्ची ओढली, मग मोबाइलवर ताटाचा फोटो काढला, आणि मग त्याच हाताने ब्रेडचा तुकडा मोडून तोंडात. तर क्रम बदला. ताट वाढून टेबलावर ठेवा, एक जण ताटांपाशी बसा, बाकीच्यांनी जाऊन हात धुवून या, मग खा. मोबाइल खिशात. सहा वर्षांच्या मुलीला ह्याचं पोलीस कर, ती आजोबांना बरोबर पकडेल. आणि जमेल तेव्हा बुफे सोडून बसून जेवायच्या डायनिंग रूममध्ये जा, तिथे वाढणारा एकच असतो.

आता बाबा.

मला तुझे बाबा माहीत नाहीत पण मला असे बाबा माहीत आहेत. आमच्या वॉर्डात एकदा एक रिटायर्ड हेडमास्तर होते, अतिशय शिस्तीचे, रोज सकाळी दाढी करून बसायचे. त्यांना रात्रीत पाच वेळा जुलाब झाले आणि त्यांनी ते लपवलं, का तर डिस्चार्ज एक दिवस पुढे जाईल. बायकोने गुपचूप घरून गोळी आणून दिली. सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं तर "उत्तम". तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डातले सहा पेशंट आणि दोन सिस्टर आडव्या, आणि हेडमास्तरांचा डिस्चार्ज आठ दिवस लांबला कारण पाणी कमी होऊन किडनीवर आलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना त्रास द्यायचा नव्हता, एवढंच.

बोटीवर हेच होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पोट बिघडतं, आणि त्याच दिवशी अलास्कातल्या जूनो बंदराला व्हेल बघायची ट्रिप असते, माणशी दीड-दोनशे डॉलर भरलेले. सांगितलं तर केबिनमध्ये बसवतील, तेही खरं आहे, उलट्या-जुलाब थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस बसवतात. मग बाबा म्हणतात, "काही नाही गं, ॲसिडिटी आहे, काल ते चीज जड गेलं", पुण्याहून आणलेल्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी घेतात आणि कोट घालून लिफ्टपाशी उभे. गोळीने जुलाब दाबले जातात, विषाणू दाबला जात नाही, तो लिफ्टच्या बटणावर, कठड्यावर, नातीच्या हाताला. साथ अशी पसरते. बोटीवाल्यांची स्वच्छता कितीही असली तरी ज्याचं कळलंच नाही त्याच्यामागे फडकं घेऊन कोण धावणार?

म्हणून निघायच्या आधी, सिएटलला आले की पहिल्या रविवारी चहाला बसून हे बोलून घ्या, बोटीवर गेल्यावर नाही. बोलणं असं नको की "बाबा, लपवू नका हं", त्याने ते दुखावतील. असं सांग: ज्याचं पोट बिघडेल त्याच्यासाठी पूर्ण घर एक ट्रिप सोडणार, पैसे गेले तरी गेले, आत्ताच सोडून दिले, आणि कुणी कुणाला "तुझ्यामुळे" म्हणणार नाही. पैशाचा आणि अपराधाचा विषय आधीच काढून टाकला की लपवायचं कारणच उरत नाही. आणि डायबेटिस आहे म्हणजे बाबांची शुगर लिहायची वही असणार, तारीख, उपाशी, जेवणानंतर. त्या वहीत एक रकाना वाढव, "पोट". बरोबर किंवा चूक अशी एक खूण. तोंडाने "जुलाब" म्हणायला लाजणारा माणूस वहीत फुली मारतो, हे मी स्वतः करून बघितलंय.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट, आणि ही खरी डॉक्टरांची आहे, माझी नाही. पुण्यातल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या की उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं बंद झालं, तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती, ह्यांचं आजारपणात काय करायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते बोटीवर पहाटे तीनला फोन लावून विचारायची गोष्ट नाही. इन्सुलिन असेल तर मग नक्कीच. कागदाचा फोटो तुझ्याही फोनमध्ये.

ओआरएसच्या दहा-बारा पुड्या पुण्याहूनच आणायला सांग, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेल्या, ते गोड सरबताचे टेट्रापॅक नकोत, त्यांच्या नावात ओआरएस लिहायला आता आपल्या अन्नसुरक्षा खात्यानेच, एफएसएसएआयने, बंदी घातलीय. (हे ओआरएस जगाला पटवून देण्यात एका बंगाली डॉक्टरचा मोठा हात, दिलीप महालनबीस, १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या साथीत सलाईन संपल्यावर त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून लोक वाचवले.) बाबा म्हणतील साखर आहे त्यात, शुगर वाढेल. वाढू दे थोडी, पाणी कमी होणं जास्त वाईट, घोट घोट पाजायचं आणि शुगर तपासत राहायचं. लघवी झाली नाही, ग्लानी आली, रक्त पडलं, घोटही टिकत नाही, शुगर फार वर किंवा खाली गेली, ह्यातलं काहीही झालं की बोटीच्या दवाखान्यात, वाट बघायची नाही.

बोट लागणं आणि नोरो ह्यातही गोंधळ होतो. बोट लागली तर मळमळ, उलटी, चक्कर, पण जुलाब आणि ताप नसतो आणि समुद्र शांत झाला की माणूसही शांत होतो. अव्होमिन देऊन बघायला हरकत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला त्याने झोप येते, तोल जातो, तेही डॉक्टरांना विचारून ठेव. जुलाब आले की मग ती बोट लागलेली नाही.

कुणी केबिनमध्ये ओकलं तर तुम्ही पुसू नका. आईला हे फार कठीण जाईल, ती लगेच टॉवेल घेऊन खाली बसेल. टॉवेलने पुसलं की ते पसरतं आणि पुसणाऱ्याला लागतं. वर कागद टाका, लांब व्हा, फोन करा, स्टाफकडे त्यासाठी वेगळं केमिकल आणि किट असतं. आम्ही वॉर्डात नव्या मावशींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आधी कागद, मग ब्लीच, आणि बाहेरून आत पुसत यायचं, आतून बाहेर नाही.

आणि म्हणूनच ती केबिनची वाटणी बदल. मुलगी आजीआजोबांजवळ झोपणार हे ऐकायला गोड आहे पण एका केबिनला एकच इवलंसं बाथरूम, सहा वर्षांची मुलं हातच तोंडात घालून फिरतात, त्यात ती किड्स क्लबला जाऊन येणार. तिला तुमच्याकडे झोपव. आजीकडे गोष्ट ऐकायला जाऊ दे, दात घासून परत. बाबांच्या केबिनला बाल्कनी नसेल आणि थोड्या पैशात मिळत असेल तर घे, दोन दिवस आत बसायची वेळ आली तर खिडकी नसलेल्या खोलीत बीपीवाला माणूस फार चिडतो.

पोटाचं एवढं सांगितलं पण अलास्काला फ्लूही असतो, ऐन उन्हाळ्यात. १९९८ च्या उन्हाळ्यात अलास्का आणि शेजारचा कॅनडातला युकॉन फिरायला आलेल्या पर्यटकांमध्ये फ्लूची मोठी साथ आली होती. त्यामुळे दोघांना फ्लूची लस पुण्यातच दे, प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या तोंडाला मिळते, तुझ्याकडे उन्हाळ्यात शोधत बसावं लागेल. न्यूमोनियाची आणि कोरोनाची झाली आहे का तेही त्याच डॉक्टरांना विचार. नोरोची लस अजून बाजारात नाही. थिएटरमध्ये, ट्रिपच्या बसमध्ये शेजारी कुणी खोकत असेल तर मास्क लावायला लाजू नका. आणि बाबांना गरम पाण्याच्या टबात बसू देऊ नकोस, त्या वाफेतून लीजनेला नावाच्या जंतूचा एक न्यूमोनिया होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही पण पन्नाशीपुढच्या डायबेटिसवाल्यांना तो जड जातो. असले टब नीट ठेवलेले असतातही, पण वयाचा विचार करता त्याशिवाय त्यांचं काही अडत नाही.

इन्शुरन्स. आईबाबांसाठी तू व्हिजिटर्स इन्शुरन्स घेतला असशील, पण तो बोटीवर, भर समुद्रात आणि दुसऱ्या देशाच्या बंदरात लागू आहे का हे वाचून बघ, "नसेल" धरून चाल आणि मग शोध. बोटीच्या डॉक्टरचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, आधी तुम्ही भरायचं आणि नंतर क्लेम. मेडिकल इव्हॅक्युएशन असलेली पॉलिसी हवी, कारण जूनो अलास्काची राजधानी असली तरी तिथे बाहेरून रस्ता जात नाही, माणूस गंभीर झाला की विमानानेच सिएटल किंवा अँकरेजला न्यावं लागतं, आणि ते बिल बघून धडधाकट माणूस आजारी पडेल. जुन्या आजारांचं काय लिहिलंय तेही बघ, बाबांचा डायबेटिस लपवून फॉर्म भरू नकोस. लपवायची खोड घराण्यात नको.

कॅन्सल कधी करशील तर हे लक्षात ठेव: निघायच्या आधीच्या दोन दिवसांत घरात कुणालाही उलट्या-जुलाब किंवा ताप असेल तर. चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात खरं लिहायचं आणि काय होईल ते होऊ द्यायचं. किंवा बाबांचे डॉक्टर नको म्हणाले तर. त्यांना गेल्या काही महिन्यांत ॲडमिट व्हावं लागलं असेल, किडनीचा रिपोर्ट हलला असेल, तर त्यांचं ऐक, माझं नको. भावाचं मात्र ऐकू नकोस. त्याला एकच काम दे, डॉक्टरांकडून तो कागद लिहून आणणं आणि लस देऊन आणणं, पुण्यात तोच आहे ना. काम मिळालं की मतं कमी होतात.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही म्हणून विचारते. सिएटलहून सुटणाऱ्या अलास्काच्या बोटी बहुतेक परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, अमेरिकेच्या कायद्यामुळे त्यांना परदेशी बंदराला लागावंच लागतं. आईबाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, बोटीतून खाली उतरणार नसले तरी. काढलाय का? नसेल तर नोरोचं नंतर बघू, हे पत्र बंद कर आणि आज रात्रीच तो फॉर्म भरायला घे, नाहीतर ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं बोटीवर आणि आईबाबा बॅगांसकट पियरवर.